बावतीस काकांचं पान

"बावतीस काकांना मिरवणुकीत घ्यायचं की नाही, तेवढं तुम्ही सांगा, मास्तर."

इनास मास्तर चर्चमागच्या हॉलच्या पायरीवर बसून ट्रंपेट पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"का नाही घ्यायचं?"

"चुकतात."

"बावतीस?" मास्तर हसले. "मी चुकलो की तो मागून पायाने ढोसायचा मला."

मेल्विनला हसू आलं नाही.

वसईतल्या त्या गावचा बँड मास्तरांनी उभा केला होता. आता त्यांचा दम पुरत नव्हता. रविवारी सणाची मिरवणूक होती आणि यंदा पहिल्यांदाच बँड मेल्विन चालवणार होता. त्याने जुन्या वह्या कपाटात टाकल्या आणि सगळ्यांच्या हाती टॅब्लेट दिले. सरावाचं सॉफ्टवेअर त्याचं तोच शिकला होता. ते तो बोलताना लपवतही नसे.

"नक्की केलंस काय?"

"सेटिंग बदललं. आधी ज्याला त्याला आपल्या वाद्याप्रमाणे नोटेशन दिसायचं. दो-रे-मीतला सूर एकच, पण बासरीवाल्याला दिसतो 'सोल', ट्रंपेटवाल्याला 'ला' आणि सॅक्सोफोनवर काकांना 'मी'. मी समोरून म्हटलं 'सोल धरा', की तिघे तीन सूर धरायचे."

"वाद्यांची घडणच तशी आहे."

"म्हणून तर सोय आहे ना. जो सूर कानावर पडणार, तोच सगळ्यांना दाखवायचा. आता सगळ्यांपुढे एकच पान. आपल्या वाद्यासाठी किती वर-खाली सरकायचं, ते ज्याने त्याने मनात करायचं."

"पोरांना जमलं?"

"जमलं. काका अजून डोळ्यांना दिसतं तसंच बोट दाबतात. त्यांच्यामुळे सगळा बँड बेसूर होतो. काल मी त्यांना थांबवलं."

"सगळ्यांसमोर?"

"…हो."

"काय म्हणाला?"

"काही नाही. वाद्य पेटीत ठेवलं आणि गेले."

मास्तरांनी फडकं बाजूला ठेवलं.

"ऐक."

केळीच्या वाडीपलीकडे बावतीस काकांचं घर. तिकडून सॅक्सोफोन ऐकू येत होता. मिरवणुकीचीच चाल. चार सूर सरळ आले, पाचवा घसरला. थांबला. पुन्हा पहिल्यापासून.

"सकाळपासून चाललंय," मास्तर म्हणाले. "त्याची बायको सांगून गेली, जेवायलाही उठत नाही."

मेल्विनने केळीच्या वाडीकडे बघितलं.

"त्याचं पान त्याला परत दे."

"एकट्याला?"

"सगळ्यांना."

मेल्विनने टॅब्लेट उघडला. त्याला ते पटलं नव्हतं. पण मास्तरांना नाही म्हणायची सवय गावात कोणालाच नव्हती. एकेक वाद्य निवडून त्याने जुनं सेटिंग लावलं. इथे बदललं की सगळ्यांच्या टॅब्लेटवर, ते घरी असले तरी, बदलत असे.

"झालं."

"आणि तुझं पान?"

"माझ्या पानावर सगळी वाद्यं आहेत. एकाखाली एक."

"कशी दिसतात?"

"वाजतील तशी. म्हणजे एका नजरेत कळतं."

"तेही बदल. ज्याला जे दिसतं, तेच तुला दिसू दे."

मेल्विनचं बोट थांबलं.

"मग प्रत्येकाचं मला मनात सरकवावं लागेल. ट्रंपेटचं वेगळं, सॅक्सोफोनचं वेगळं. तेही चालता चालता."

"हं."

"मास्तर, एवढं सगळं एकट्या माणसाने करायचं?"

मास्तर ट्रंपेटच्या कळा दाबून बघत होते. एक कळ अडकत होती. ती त्यांनी पुन्हा पुन्हा दाबली.

मेल्विनने सेटिंग बदललं. पाठ असलेलं पान पार अनोळखी झालं. ओळींमागून ओळी, आणि एकीचं दुसरीशी जुळेना. बासरीवर बोट ठेवून तो खाली ट्रंपेटवर आला. तिथून सॅक्सोफोनवर… मोजताना ओठ हलत होते. चुकला. पुन्हा वर गेला.

वाडीपलीकडचा आवाज बंद पडला होता.



मग चाल सुरू झाली. पाचवा सूर आला, सहावा आला. कुठेही न अडखळता चाल शेवटापर्यंत गेली. तिथे काकांनी एक लांब सूर धरला, आणि दम संपेपर्यंत सोडला नाही.

मेल्विनने टॅब्लेट मिटून छातीशी धरला. पायरीखाली तो नुसता उभा राहिला.

"मास्तर…"

"बोल."

"आता येतील का ते, रविवारी?"

मास्तरांनी ट्रंपेट पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

"इथे उभं राहून नाही कळणार."