तेलातल्या हवेचं वजन

"उद्या सकाळी तेलातली ती हवा तराजूत तोलून दाखव! नाहीतर बायकापोरांसकट संस्थानाबाहेर चालता हो!"

तुळाजीराजे गरजले आणि बाळोजी मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं.

बिचारा खरं बोलला, एवढाच त्याचा गुन्हा. राजवाड्यावर पाणी चढवणारं डिझेल इंजिन हल्ली सारखं खडखडून बंद पडत होतं. त्यात घालायचं सोनेरी तेल खुद्द राजांनी रंग पाहून निवडलं होतं. बाळोजी म्हणाला, "सरकार, हे तेल हवा धरून ठेवतं. तेलाऐवजी फेसच फिरतो आणि लोखंडावर लोखंड घासतं. आपलं जुनं काळपट तेलच बरं." झालं! राजांच्या पसंतीला नाव ठेवलं! ज्या मानकऱ्यांनी जन्मात इंजिन पाहिलं नव्हतं, तेही सोनेरी तेलाचे गोडवे गाऊ लागले.

सकाळी दरबारात बाळोजी आला तो मान खाली घालून. त्याच्यापुढे होती त्याची लेक येसू. तिच्या हातात ताक घुसळायची रवी!

"काय गं, लोणी काढायला आलीस?" राजे खेकसले.

"नाही सरकार, हवा धरायला! पण रवी आपणच फिरवा. मी फिरवली तर हे सगळे म्हणतील, पोरीने हातचलाखी केली."

राजे हट्टाला पेटलेले. बाह्या सरसावून त्यांनी घागरीतलं सोनेरी तेल असं घुसळलं, की मिशा तेलाने माखल्या. हसायची कुणाची छाती झाली नाही.

येसूने दोन सारखे तांबे तराजूत ठेवले. एकात न घुसळलेलं सोनेरी तेल काठोकाठ भरलं, दुसऱ्यात राजांनी घुसळलेलं. घुसळलेल्याचं पारडं झर्रकन वर गेलं!

"अगं, मी हवेचं वजन मागितलं. तू तर तूट दाखवतेस!"

"सरकार, दरबारात रिकामटेकडा येऊन बसला, तर त्याचं वजन कसं कळतं? जेवढं काम उणं पडलं, तेवढं त्याचं वजन!"

मानकरी एकमेकांची तोंडं पाहू लागले. येसूने हलक्या पारड्यात हरभरे टाकले. दोन्ही पारडी बरोबरीत येताच तिने ते हरभरे उचलून राजांच्या तळहातावर ठेवले. "घ्या! हवेने एवढ्या तेलाची जागा खाल्ली."

"कुठलंही तेल घुसळलं की फेसाळणारच!" राजे अजून हटेनात.

"मग आता काळपट घुसळा!"

राजांनी तेही घुसळलं. फेस आला खरा, पण राजांनी मिशा पुसेपर्यंत बसलासुद्धा. येसूने पुन्हा दोन तांबे भरले, एक न घुसळलेल्या काळपट तेलाचा, एक घुसळलेल्याचा. पारडी हलली नाहीत. तिकडे सोनेरी तेल अजून ताकासारखं पांढरं फटक होतं!

राजांनी तळहातावरच्या हरभऱ्यांकडे पाहिलं, मग मानकऱ्यांकडे, आणि ते खो खो हसत सुटले. "बाळोजी, घाल तुझं काळपट तेल! यापुढे कुठलंही तेल आधी या पोरीच्या रवीखाली जाईल, मगच इंजिनात. येसू, बक्षीस माग!"

"सरकार, आईची ही रवी तेलात बुडाली. आता घरी ताक कशाने करायचं? नवी रवी द्या."

"दिली! बस, एवढंच?"

"एवढंच कसं, सरकार? नुसती रवी फिरवली तर हवाच घुसळली जाईल. खाली दही नको?"

राजांनी पोट धरलं. "कारभारी! हिच्या दारात एक दुभती म्हैस बांधा!"