शून्य म्हशींचं गाव

एका तालुक्याच्या गावात एक भोळा इंजिनिअर होता. नाव निवास कोगनोळे. सांगितलेलं काम तो सांगितलं तस्सं करायचा. कमी नाही, जास्त नाही. त्यामुळे ऑफिसात सगळे त्याला जरा घाबरूनच असत.

त्याची कंपनी दूध तपासायच्या मशीनचे प्रोग्राम बनवायची. गाईचं दूध पातळ, म्हशीचं दाट. त्यामुळे समोर येणारं दूध कुणाचं, हे मशीनला आधी सांगावं लागे. त्यासाठी एक स्क्रिप्ट होती. स्क्रिप्ट म्हणजे प्रोग्रामचे तुकडे जोडून तो तयार करणारी फाईल. तिच्यात अट होती, की ‘म्हैस’ हे नाव वर कुठे दिलेलं असेल तर म्हशीचा तुकडा जोड, नसेल तर गाईचा.

बोरसरी गावात सगळ्या गाई. पण तिथल्या मशीनमध्ये म्हशीचा तुकडा गेला. झालं. म्हशीच्या मापानं गाईचं दूध मोजलं की ते पाणी घातलेलंच निघणार. भोंगा वाजायचा, पडद्यावर लाल अक्षरांत ‘भेसळ’ यायचं, आणि दूध परत. अक्काताई माने आयुष्यभर त्या डेअरीला दूध घालत आलेली. तिलाही रांगेत सगळ्यांदेखत परत पाठवलं.

ती म्हणाली, “आबा, मी कधी पाणी घातलंय का?”

डेअरीचे चेअरमन आबासाहेब खराडे म्हणाले, “मी कुठं म्हणतोय, अक्का? मशीन म्हणतंय.”

मशीन गावात नवंच आलं होतं. चेअरमनच्या घरचं दूध मात्र मागच्या दारानं, न तपासता जात असे. शेवटी सगळ्याच बायका भेसळ करणाऱ्या निघाल्या आणि डेअरीत दूध येईना, तेव्हा चेअरमननी कंपनीत फोन केला.

निवासच्या वरिष्ठ होत्या तेरदाळे मॅडम. त्या म्हणाल्या, “निवास, बोरसरीचं बघ. म्हशीची अट खरी होतेय का, ते आधी तपास.”

निवासनं गाडीला किक मारली आणि बोरसरी गाठली. पहिल्याच दारात उभा राहिला.

“तुमच्यात म्हैस आहे का?”

“न्हाई. का, विकायला आणलीय?”

“नाही. अट बघतोय.”

बाईला वाटलं, पोरगा सोयरिकीचं बोलायला आलाय. तिनं त्याला बसवलं, चहा दिला आणि आतून मुलीला हाक मारली. निवास चहा पिऊन पुढच्या दारात गेला. संध्याकाळपर्यंत गावभर पसरलं, की म्हैस हुंड्यात मागणारा इंजिनिअर फिरतोय.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमना म्हणाला, “अट खोटी आहे. गावात म्हैस नाही. एक काळी गाय होती, ती मी नीट वाकून बघितली.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अरे बाबा, गावात कशाला शोधतोस? जे शोधायचं ते स्क्रिप्टमध्ये शोधायचं.”

“बरं मॅडम.” निवासनं मनाशी पक्कं केलं. शोधायचं ते स्क्रिप्टमध्ये.

दुपारी चेअरमन स्वतः कंपनीत आले. गेटवरच्या वॉचमननं त्यांना अडवलं. त्यांनी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, “निवास, बोरसरीचे चेअरमन आलेत. कुठे आहेत बघ.”

निवासनं स्क्रिप्ट उघडली. ‘चेअरमन’ शोधलं. ‘आबासाहेब’ शोधलं. ‘खराडे’ शोधलं. मग येऊन म्हणाला, “ते नाहीत मॅडम. स्पेलिंग बदलूनसुद्धा बघितलं.”

तोवर चेअरमन उन्हात उभे राहून टोपीनं वारा घेत होते. मॅडम धावत गेल्या, त्यांना आत आणलं, पंख्याखाली बसवलं. निवासवर विसंबून चालणार नाही हे त्यांना कळलं, म्हणून त्यांनी स्क्रिप्ट स्वतःच बघायला घेतली. चूक तिथंच होती. वरच कुणीतरी लिहिलं होतं, ‘म्हैस = ०’.

“हे बघ,” मॅडम म्हणाल्या.

“बरोबर आहे की,” निवास म्हणाला. “शून्य म्हशी. मी मोजून आलोय.”

“तुला कळतं रे, शून्य म्हणजे नाही. ही अट आकडा बघतच नाही. नाव दिलंय की नाही, एवढंच बघते. नाव दिसलं, की हिच्या लेखी म्हैस आहे. मग पुढं शून्य लिहा नाहीतर शंभर. जे नाही त्याचं नावच काढून टाकायचं.”

निवासला हे फार आवडलं. त्यानं ‘म्हैस’ काढली आणि प्रोग्राम पुन्हा बांधला. त्यात गाईचा तुकडा गेला. चेअरमन तो घेऊन गावी गेले आणि दुसऱ्या सकाळी अक्काताईचं दूध पहिल्या झटक्यात पास झालं. चेअरमननी माफी वगैरे मागितली नाही. “मशीनमधी बिघाड हुता,” एवढं म्हणाले आणि पुढच्या बाईची किटली घेतली.

इकडे मालक मगदूम सर पुण्याला गेले होते. कुणीतरी निवासला विचारलं, “सर आहेत का रे?”

“नाहीत,” निवास म्हणाला. आणि त्याची नजर कंपनीच्या दारावरच्या, सरांच्या नावाच्या पितळी पाटीवर गेली. सर शून्य, पण नाव आहे. त्यानं स्क्रूड्रायव्हर आणला.

सर परतले ते पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन. कंपनी दाखवायची होती. दारावर पाटी नव्हती, नुसती भोकं होती. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातल्या एकानं हळू आवाजात विचारलं, “कंपनी विकली का तुम्ही?”

पाहुणे गेल्यावर सरांनी निवासला बोलावलं. आपलं काय चुकलं, ते त्याला खरंच कळत नव्हतं. त्याला वाईट मात्र वाटलं, कारण सरांचा आवाज कापत होता.

“आजपासून,” सर म्हणाले, “लिहिलेल्या कुठल्याही नावाला हात लावायचा नाही. काही झालं तरी. शब्द दे मला.”

“दिला सर.”

सर मॅडमना म्हणाले, “पोरगं आज्ञाधारक आहे. हल्ली अशी माणसं मिळत नाहीत.” आणि त्याला कामावर ठेवलं.

थोड्या दिवसांनी बोरसरीतून पुन्हा फोन आला. गावात काहीजणांनी शेळ्या घेतल्या होत्या, त्यांचंही दूध तपासायचं होतं. मॅडम बैठकीला निघाल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, “निवास, बोरसरीला जा. गावात काय काय आहे ते बघ आणि त्याप्रमाणे स्क्रिप्टमध्ये नावं टाक. नवा प्रोग्राम तिथंच मशीनमध्ये भरून ये.”

निवास गेला. या खेपेला गावात बघ असं मॅडमच म्हणाल्या होत्या, त्यामुळे तो निर्धास्त होता. तो वेशीपासून चालत निघाला आणि दिसेल ते लिहीत गेला. गाय. शेळी. कोंबडी. मारुती. सरपंच. पिठाची गिरणी. नळ दिसला, लिहिलं पाणी.

मारुती आणि सरपंच ही नावं स्क्रिप्टला माहीत नव्हती. तिनं ती सोडून दिली. पाणी मात्र तिला माहीत होतं. मशीन विकायला पाठवण्याआधी भोंगा वाजतो का, हे बघण्यासाठी कंपनीत कुणीतरी एक अट लिहून ठेवली होती, की ‘पाणी’ हे नाव दिलेलं असेल तर समोर येईल ते दूध भेसळीचं धर आणि भोंगा वाजव.

निवास त्या रात्री गावातच पाहुणा राहिला. सकाळी रांग लागली. आता मशीन सुधारलंय, हे दाखवायला चेअरमननी घरचा दुधाचा कॅन पहिल्यांदाच पुढच्या दारानं आणला आणि सगळ्यांत आधी लावला.

भोंगा वाजला. पडद्यावर ‘भेसळ’.

अक्काताईनं पदर तोंडाला लावला. चेअरमननी दूध पुन्हा तपासलं. भोंगा पुन्हा वाजला.

“मशीन भिकारचोट हाय,” चेअरमन म्हणाले आणि मॅडमना फोन लावला.

मॅडमनी कंपनीत बसून निवासनं पाठवलेली स्क्रिप्ट उघडली आणि कपाळाला हात लावला. लगेच निवासला फोन केला. “निवास, आत्ताच्या आत्ता पाणी काढ. सगळा घोळ पाण्यानं झालाय. दुसरं काही करू नकोस.”

“सगळं काढू?”

“सगळं.”

निवास क्षणभर घुटमळला. नावाला हात लावायचा नाही, असा सरांना शब्द दिलेला. पण मॅडम नावाबद्दल काही बोललेल्याच नव्हत्या. त्या पाणी काढ म्हणाल्या होत्या. त्याला हायसं वाटलं. तो चढ चढून गावाच्या टाकीकडे गेला आणि टाकी धुताना उघडतात तो खालचा मोठा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी फिरवला.

पाणी लोंढ्यानं उताराला लागलं. गल्लीतून, गोठ्यांतून, गिरणीच्या दारातून ते थेट डेअरीत शिरलं. बायका किटल्या घेऊन कट्ट्यावर चढल्या. चेअरमनचा कॅन झाकण काढून खालीच ठेवलेला होता.

बऱ्याच वेळानं, निवास डेअरीत परतल्यावर, मॅडमचा फोन आला. “काढलंस का पाणी?”

“काढलं मॅडम. थेंब ठेवला नाही.”

“आणि तो भोंगा कसला वाजतोय?”

“तो पंचायतीचा आहे. गाव गोळा होतंय.”

“निवास, स्क्रिप्टमधलं नाव काढलंस ना?”

“नावाला मी बोट लावलेलं नाही, मॅडम.”

“म्हणजे मशीन अजून भेसळच दाखवतंय?”

निवासनं चेअरमनच्या कॅनमध्ये वाकून बघितलं.

“दाखवतंय,” तो म्हणाला, “पण आता बरोबर दाखवतंय.”