दिवाणसाहेबांचा विलायती सत्तूर

संस्थानच्या मुदपाकखान्याला नवे सत्तूर हवे होते. दिवाणसाहेबांनी भर दरबारात विलायती सत्तूर नाचवला. "याला म्हणतात पोलाद! इतकं कडक, की लोखंड घासायची कानससुद्धा यावरून घसरते. आणि ही ठकू लोहारीण मोटारीच्या स्प्रिंगचा मोडका पाटा ठोकून त्याला सत्तूर म्हणते!"

दरबार खो खो हसला. ठकू महाराजांना एवढंच म्हणाली, "सरकार, दोन्ही हाडावर चालवून बघा."

बोकडाच्या नळीतून ठकूचा सत्तूर खपकन पार झाला. विलायती सत्तुराच्या धारेचा मात्र टवकाच उडाला. दिवाणसाहेब तिच्याजवळ येऊन पुटपुटले, "बाई, एवढी धार घासून सारखी करून देशील?"

"दिली असती की, साहेब," ठकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पण यावरून कानससुद्धा घसरते ना!"