हरणांनी राखलेले कुरण

डोंगरापलीकडच्या एका जंगलात हरणांचा एक कळप राहत असे. त्यांचा पहारा मोठा कडक. कळपाच्या नायकाने सगळे धट्टेकट्टे नर वाघाच्या वाटेवर शिंगे रोखून उभे केले होते आणि आपल्याइतका सुरक्षित कळप दुसरा नाही, असे तो ज्याला त्याला ऐकवी. चाऱ्याकडे बघायला मात्र त्याला सवड नव्हती. पावसाळ्यात उगवलेले गवत सगळे मिळून हिवाळ्यातच फस्त करीत आणि उन्हाळ्यात झाडांच्या साली ओरबाडत बसत.

एका उन्हाळ्यात पहारेकऱ्यांनी इशारा दिला आणि कळप उधळला. एका हरिणीचे पाडस जरासे पळाले, कोसळले आणि पुन्हा उठलेच नाही. मागाहून कळले, की वाघ आलाच नव्हता, नुसती वाळकी फांदी मोडली होती. नायक जवळ आला तेव्हा ती हरिणी त्याला म्हणाली, "याला वाघानं मारलं नाही. याच्या पायांत पळायचं बळच नव्हतं. तुम्ही वाघावर नजर ठेवलीत, आमच्या पोटावर नाही." त्यातच ओढ्यापलीकडच्या गव्यांनी निरोप धाडला, की आमच्या कुरणात खुशाल चरा, पण चालायचे आमच्या मागून आणि पाणी प्यायचे आमचे झाल्यावर. मुलांनो, हरणांनी तेही मुकाट्याने सोसले. काय करणार, पाडसे उपाशी होती ना!

पाऊस पडताच नायकाने निम्मा पहारा वाघाच्या वाटेवरून काढून ओढ्याकाठच्या आपल्या कुरणावर बसवला. उन्हाळा लागेपर्यंत या गवताला कुणी तोंड लावायचे नाही, असे ठरले. गवत पोटाला लागेल इतके वाढले. तरणी हरणे कुरकुरली, पण नायक स्वतः त्या हिरव्या वासात आवंढे गिळत उभा राहिलेला पाहून गप्प बसली. उन्हाळ्यात कुरण उघडले. आधी पाडसे चरली, मग दूध पाजणाऱ्या हरिणी, मग बाकीचे आणि सर्वांत शेवटी नायक.

त्या उन्हाळ्यात वाघ खरोखरच आला. इशारा होताच कळप असा काही सुटला, की वाघ धापा टाकत मागे राहिला. सगळ्यांच्या पुढे उड्या मारीत होते त्याच हरिणीचे नवे पाडस. ते पाहून नायकाचा ऊर भरून आला. पुढे काही दिवसांनी गव्यांचे कुरण वणव्यात जळाले. बिचारे माना खाली घालून हरणांच्या दारी आले आणि आपलाच जुना नियम आठवून मागेच उभे राहिले. नायक म्हणाला, "पोटभर चरा. आणि हे पाहा, आमच्या मागून नको, बरोबरीनं चाला."

तात्पर्य : नुसत्या पहाऱ्याने कळप सुरक्षित होत नाही. आपल्यातल्या लहानात लहानाच्या पोटाची सोय जो स्वतः करतो, तोच निर्भय होतो आणि ताठ मानेने जगतो.