भंडाऱ्याची वाटी

काल सासूबाई खंडोबाच्या भंडाऱ्याची वाटी घेऊन स्टुलावर का चढल्या होत्या, हे ऋजुताला काही केल्या कळत नव्हतं. आज सकाळी एसीच्या नळ्या साफ करणारी माणसं येऊन खुडबुड करून गेली, आणि मागोमाग त्यांचे मालक भोपटकर पांढऱ्याशुभ्र सफारीत दिवाणखान्यात हजर झाले. शेजारीही जमले होते. हे काम पसंत पडलं की साऱ्या कॉलनीचं काम भोपटकरांनाच मिळणार होतं.

“नळ्या आतून लख्ख झाल्यात,” भोपटकर म्हणाले.

“खात्री कशी करायची?” सासूबाईंनी विचारलं.

“मावशी, भिंतीच्या आतलं तुम्हाला कसं दिसणार? आमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.”

“ठेवला. मग एसीच्या या जाळीखाली उभे राहा, पहिली गार हवा तुम्हीच घ्या.”

भोपटकर ऐटीत उभे राहिले. सासूबाईंनी बटण दाबलं. जाळीतून भस्सकन पिवळा लोट उतरला आणि साहेब डोक्यापासून बुटांपर्यंत जेजुरीहून आल्यासारखे दिसू लागले. ऋजुता सासूबाईंकडे पाहतच राहिली.

“काल मीच टाकला होता हा भंडारा नळीत,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “आतलं दिसत नाही म्हणालात ना, साहेब? आरसा त्या भिंतीवर आहे.”