डाळिंबीला वाहिलेलं फूल

जंगल जिथे संपतं आणि वाऱ्याला झेंडूचा वास यायला लागतो, तिथे एका इवल्याशा झोपडीत शेवंता नावाची मुलगी राहत होती. तिच्याकडे एकच परकर होता आणि अर्धंच पांघरूण. उरलेलं अर्धं आई घेई. घरात दुसरं एक जाड, मऊ, गुलाबी पांघरूण होतं, पण ते डाळिंबीच्या अंगावर असे.

डाळिंबी ही काही शेवंताची बहीण नव्हती. ती बाबांची मोटारगाडी होती. जुनी, पण डाळिंबाच्या दाण्यासारखी लालचुटुक आणि उन्हात इतकी चमचम करणारी, की मधमाश्या फसून तिच्यावर बसत आणि ओशाळून उडून जात. ती झोपडीपासून ओढ्यापर्यंत धावे आणि तिथे दमून थांबे. मग बाबा तिला ढकलत घरी आणत आणि म्हणत, "आज काय धावली पोरगी!"

झेंडू विकून जे पैसे येत, ते डाळिंबीकडे जात. कधी तिला मखमली गादी येई, कधी दाराला रुपेरी मूठ. काही उरलंच तर घरात पीठ येई.

आईने एकच गोष्ट हट्टाने सांभाळली होती. शेताच्या कडेची, टपोऱ्या फुलांची एक ओळ कुणी तोडायची नाही. ती फुलं झाडावरच सुकायची आणि त्यांचं बी पुढच्या वर्षी पेरायचं.

दसऱ्याला बाबांनी बाकीची सगळी फुलं बाजारात विकली आणि पितळेचा एक झगमगीत भोंगा घेऊन आले. डाळिंबीला न्हाऊमाखू घातलं, हळद-कुंकू वाहिलं. मग लक्षात आलं, हाराला फूलच नाही. बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि कडेची ओळ तोडली.

"अहो, ही बियाण्याची फुलं ना?" आई धावत आली.

"सणाचा दिवस आहे. गाडी काय बिनहाराची ठेवू?"

"आणि पुढच्या वर्षी काय पेरायचं? भोंगा?"

बाबांनी भोंगा वाजवून पाहिला. छान वाजत होता.

कोवळ्या फुलांत बी धरलं नव्हतं. बी नाही तर झेंडू नाही आणि झेंडू नाही तर भाकरी नाही, हे शेवंतालाही कळत होतं. पाण्याचा छोटासा तांब्या घेऊन ती जंगलात झेंडूचं बी शोधायला निघाली.

जंगलात निळी फुलं होती, जांभळी होती, चांदणीएवढी पांढरी होती. झेंडू मात्र कुठेच नव्हता. तेवढ्यात बाभळीवरून बारीक आवाज आला, "अगं, जरा इकडे!" बोटाएवढी एक परी तिथे अडकली होती. तिचा सोनसळी पंख डिंकात चिकटला होता. ओढला असता तर फाटला असता. शेवंताला तहान लागली होती, तरी तिने तांब्यातलं सगळं पाणी थेंब थेंब डिंकावर सोडलं. डिंक विरघळला आणि पंख फडफडला.

"तुला वर देते," परी म्हणाली. "पण नियम आहेत."

"नियम नसले तर चालणार नाही का?"

"बिननियमाची एक परी होती. सगळे तिच्याकडेच गेले. आता तिच्याकडे स्वतःचा पंखसुद्धा उरलेला नाही."

तिने हवेत हात फिरवला आणि एक झळझळीत झेंडू शेवंताच्या ओंजळीत पडला. बाहेरच्या पाकळ्या केशरी, आतल्या पिवळ्या.

"केशरी पाकळ्या आजसाठी. एक तोड, एक माग. पिवळ्या मात्र फूल सुकेपर्यंत तोडायच्या नाहीत, त्यांतूनच बी होणार आहे. एक जरी तोडलीस तरी आणखी एक इच्छा पुरी होईल आणि बाकी फुलाची राख. शिवाय फूल लपवायचं नाही. घरातल्या सगळ्यांना दिसलं पाहिजे."

"बाबांनाही?" शेवंताचा चेहरा उतरला.

"हो. त्यांचा भोंगा मी इथवर ऐकलाय," परी उसासा टाकून म्हणाली. "हवं तर गाडीच नाहीशी कर असं माग."

"नको गं! मग संध्याकाळी बाबा कुणाकडे बघून हसतील?"

परी आणखी थोडी उजळली.

घरी येऊन शेवंताने सगळं सांगितलं. एका केशरी पाकळीने पिठाचं पोतं आलं, एकीने पांघरूण, एकीने छपरावर नवं गवत. एक पाकळी तिने बाबांच्या हातात ठेवली. डाळिंबीला काळीकुळकुळीत नवी चाकं आली.

"चला, निदान भाकरीसारखी गोल तरी आहेत," आई म्हणाली.

आता फक्त पिवळ्या पाकळ्या उरल्या. त्या संध्याकाळी बाबांना कोनाड्यात ठेवलेल्या फुलाजवळ फार कामं निघाली. कोनाड्याशी जाऊन त्यांनी आधी चुना शोधला, मग सुई, मग पुन्हा चुना. बाबा तंबाखू खात नसत आणि शिवणही करत नसत.

शेवंता विचार करत राहिली. लपवायचं तर नाही. मग तिने फूल उचललं, हळद-कुंकू घेतलं आणि डाळिंबीला मनापासून वाहून तिच्या काचेमागच्या आरशाला दोऱ्याने बांधलं. गाडीला वाहिलेलं फूल सुकून आपोआप गळेपर्यंत काढायचं नाही, ही बाबांचीच रीत होती.

सकाळी बाबांनी हळूच डाळिंबीचं दार उघडलं, हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

"शेवंते, हे इथे कुणी बांधलं?"

"मी वाहिलं, बाबा."

"एकच पाकळी हवी होती गं," बाबा कळवळून म्हणाले. "डाळिंबी घाट चढली असती!"

"आणि वर जाऊन आपण काय विकलं असतं, बाबा?"

बाबांनी झोपडीकडे बघितलं, उघड्याबोडक्या शेताकडे बघितलं, डाळिंबीकडे बघितलं. मग हात मागे घेतला आणि दार इतकं हलकेच लावलं, की पाकळीसुद्धा हलली नाही.

त्या दिवसापासून शेजारची शेळी गाडीकडे नुसती वळली तरी बाबा काठी घेऊन धावत. फूल सुकलं आणि काळ्या-पांढऱ्या काड्यांसारखं ढीगभर बी मखमली गादीवर गळलं.

पुढच्या दसऱ्याला शेत असं फुललं, की सूर्य उगवला कुठून तेच कळेना. कडेच्या ओळीला बाबांनी स्वतः कुंपण घातलं होतं. आलेल्या पैशांतून आधी वर्षाचं धान्य आलं. मग आईने एक वाटा पुढच्या दिवसांसाठी बाजूला ठेवला. उरलेला डाळिंबीचा. तो लहान आहे असं बाबा म्हणाले. तो आहे हेच पुष्कळ आहे असं आई म्हणाली. तेवढ्या पैशांत डाळिंबीचं पोट, म्हणजे इंजिन, दुरुस्त झालं आणि ती घाट चढू लागली. अर्धा.

सणाच्या संध्याकाळी सगळे गाडीत बसले, तर मागच्या गादीवर परी आधीच बसलेली.

"मला कुणी कधी फिरवून आणत नाही," ती लाजून म्हणाली. "माणसांना वाटतं, हिला पंख आहेत."

अर्ध्या घाटावर डाळिंबी धापा टाकत थांबली. खाली सोनेरी शेत होतं. परीने ते डोळे भरून पाहिलं, शेवंताच्या गालाला बोट लावलं, खुदकन हसली आणि विरघळून उजेड झाली. झाडं, दगड, आईची नथ, सगळं क्षणभर झळाळून उठलं.

मग बाबा हळूच म्हणाले, "गाडीला असा उजेड देणारे दिवे निघालेत म्हणे."

"पुढच्या वर्षी," आई म्हणाली.

"पुढच्या वर्षी," बाबा म्हणाले आणि गाडी ढकलायला खुशीत खाली उतरले.