किर्रूचं दार आणि पोळीचा बोळा

एक होता रातकिडा. त्याचं नाव किर्रू. एवढुस्सा! आणि रागीट? विचारूच नका!

किर्रू राहायचा जमिनीवर ठेवलेल्या स्टिरिओच्या खोक्यात. खोक्याला पुढे एक गोल भोक. तेच किर्रूचं दार. खोक्याला जपायला वर आईनं विणलेला रुमाल. पांढरा पांढरा, झालरीचा.

एकदा किर्रू गेला फिरायला. तेवढ्यात नंदू आला, दुडुदुडु. हातातल्या पोळीचा केला बोळा. बोळा कोंबला भोकात. गच्च!

किर्रू परत आला. बघतो तर काय, दार बंद!

"किर्रर्र! माझं घर! नंदू नंदू, बोळा काढ!"

"नाही! ताई मला उचलेल, तेव्हाच काढीन."

असा राग आला किर्रूला! टुण् टुण् टुण्, गेला ताईकडे.

"ताई ताई,
नंदू बोळा काढत नाही!
माझं दार बंद!
तू नंदूला उचल!"

ताई चित्र रंगवत होती. "आई सांगेल, तेव्हाच उचलीन. आणि रुमाल घातलाय ना? मग झालं!"

"रुमाल वर! दार समोर! डोळे आहेत का?"

टुण् टुण् टुण्, गेला आईकडे.

"आई आई,
ताई नंदूला उचलत नाही!
नंदू बोळा काढत नाही!
माझं दार बंद!
तू ताईला सांग!"

आईच्या हातात लाटणं. आईही चिडलेली. "बाबा स्टिरिओ वर ठेवतील, तेव्हाच सांगीन! दिवाळीपासून ओरडतेय मी. ऐकतंय का कुणी?"

टुण् टुण् टुण्, गेला बाबांकडे.

"बाबा बाबा,
आई ताईला सांगत नाही!
ताई नंदूला उचलत नाही!
नंदू बोळा काढत नाही!
माझं दार बंद!
तुम्ही स्टिरिओ वर ठेवा!"

बाबांनी मोबाइलमधून मानसुद्धा वर केली नाही. "आजोबा फळी ठोकतील, तेव्हाच ठेवीन. आणि रुमाल घातलाय ना? मग झालं!"

"रुमाल, रुमाल, रुमाल! चुलीत घाला तो रुमाल!"

टुण् टुण् टुण्, गेला आजोबांकडे.

"आजोबा आजोबा,
बाबा स्टिरिओ वर ठेवत नाहीत!
आई ताईला सांगत नाही!
ताई नंदूला उचलत नाही!
नंदू बोळा काढत नाही!
माझं दार बंद!
तुम्ही फळी ठोका!"

"ठोकतो की! पण फळीवर मनी झोपलीय ना. मनी उठेल, तेव्हाच ठोकीन."

टुण् टुण् टुण्, गेला मनीमांजरीकडे.

"मने मने,
आजोबा फळी ठोकत नाहीत!
बाबा स्टिरिओ वर ठेवत नाहीत!
आई ताईला सांगत नाही!
ताई नंदूला उचलत नाही!
नंदू बोळा काढत नाही!
माझं दार बंद!
तू ऊठ!"

मनीनं एक डोळा उघडला. "म्याँव. नाही उठत जा." आणि मिटला की पुन्हा!

झालं! आता मात्र किर्रू भयंकर चिडला. त्यानं मारली उडी, थेट मनीच्या कानात!

"किर्रर्रर्रर्रर्रर्र!"

मनी उठली. म्याँऽऽव!
आजोबांनी फळी ठोकली. ठक् ठक् ठक्!
बाबांनी स्टिरिओ वर ठेवला. हुश्श!
आईनं ताईला सांगितलं, "उचल गं त्याला!"
ताईनं नंदूला उचललं. हुप्प!
नंदूनं बोळा काढला. पॉक!

दार उघडलं! किर्रू टुण्‌कन आत शिरला आणि गर्रकन वळला.

"पुन्हा कोंबशील?"

"नाही," नंदू म्हणाला.

"मग बोळा कुणाचा?"

नंदूनं बोळ्याकडे बघितलं. किर्रूकडे बघितलं. "तुझा."

किर्रूनं बोळा खाल्ला. कुर्रुम कुर्रुम.

आणि रुमाल? तो दिला मनीला. तिची फळी गेली ना!

बाबांनी गाणं लावलं. किर्रूही गायला लागला, किर्र किर्र. खाली नंदू नाचला, थय थय.

गेला का मग किर्रूचा राग? अर्धा गेला. अर्धा त्यानं ठेवलाय दाराशी.

कारण बघा बघा, नंदू खुर्ची ओढतोय! खर्र... खर्र... खर्र...